काटेवाल्यांचं दही

काटेवाल्यांच्या पुढच्या खोलीत शिरलं की आधी तेलाचा आणि पितळेचा वास यायचा, मग माणूस दिसायचा. वजनाचे काटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. किराणा दुकानातले, टपाल कचेरीतले, दवाखान्यात तान्ही बाळं निजवून तोलायचे, गोदामात गोण्या चढवायचे, असे नाना तऱ्हेचे काटे या खोलीत आजारी होऊन यायचे आणि बरे होऊन जायचे. काटेवाले त्यांना उघडायचे, पुसायचे, स्प्रिंग बोटावर घेऊन नाडी बघितल्यासारखी बघायचे. घाई हा शब्द त्यांच्या गावी नव्हता. काटा एका केसाने चुकत असला तरी त्या केसासाठी ते अर्धा दिवस बसायचे.

भिंतीला त्यांच्या डोक्याच्याही वर एक फळी होती. फळीवर लाकडी पेटी, पेटीत लोखंडाची वजनं आपापल्या खाचांत बसलेली, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, फोटोला उभ्या केलेल्या भावंडांसारखी. खाली कोपऱ्यात माणसाने उभं राहायचा मोठा तबकडीचा काटा. वजनावरून भांडण झालं की दोन्हीकडची माणसं माल घेऊन याच खोलीत यायची. काटेवाले तोलायचे, आकडा सांगायचे, भांडण मिटायचं. त्यांच्या शब्दाला वजन होतं ते असं.

एकदा एक दुकानदार आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, काटा जरा आमच्या बाजूला झुकता ठेवा ना."

काटेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमची बाजू कुठली, ते तबकडीला कळत नाही हो. तिला फक्त खाली-वर कळतं."

लग्न त्यांचं राहून गेलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्या पारड्यात कुणी बसलंच नाही." एकट्याचा संसार, एकट्याचा स्वयंपाक. एक भाजी सकाळी करायची, तीच संध्याकाळी गरम करायची. जिभेचे लाड त्यांनी कधी केले नाहीत आणि जिभेनेही कधी तक्रार केली नाही.

अशा घरात आक्का आली.

आक्का त्यांची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली म्हणून काटेवाल्यांना हिनेच कडेवर वाढवलेलं. तिला पोटाचं मोठं दुखणं झालं, शस्त्रक्रिया झाली, त्यातून वाचली; पण जेवण तुटलं ते तुटलंच. घास तोंडाजवळ नेला की मान फिरवायची. लेकाकडे शहरात चौथ्या मजल्यावर राहायची. लेक आणि सून सकाळी कामावर जायची ती दिवेलागणीला परत. मधल्या वेळात पगारी बाई आणि बंद खिडक्या. आक्काने एकच धोशा लावला, मला धाकट्याकडे पोचवा. शेवटी लेकाने गाडीत घालून आणून पोचवली. हा भाचा मोठा चांगला, पण भित्रा. त्याचे वडील असेच डोळ्यांसमोर वाळत गेले होते, आणि घरातला जो तो त्याला सांगत राहिला होता, आता बरं आहे, कालच्यापेक्षा बरं आहे.

त्याने आईला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. अडतीस किलो.

"मामा, एक महिना," तो म्हणाला. "डॉक्टरांनी चाळीस सांगितलेत. महिन्याने मी येईन. चाळीस भरली तर आई राहील तुमच्याकडे, हवी तितकी. नाही भरली तर त्याच दिवशी घेऊन जाणार. मग कुणाचं ऐकणार नाही."

काटेवाल्यांचा चेहरा पडला. किती वर्षांनी घरात दुसरा आवाज आला होता. "पोरा, आल्या आल्या विरजण टाकलंस सगळ्यावर."

पलंगावरून बारीक आवाज आला. "टाकलंय ना विरजण? मग लागू दे की दही." आक्का डोळे मिटून हसत होती. "खरंच रे धाकट्या. घरचं दही असतं ना, तर खाल्लं असतं मी वाटीभर."

बोलणं थट्टेतलं. पण काटेवाल्यांनी ते खाचेत बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून दह्याचा डबा आणला. आक्काने चमचाभर तोंडात घेतलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. "हे दही नाही रे, दह्याचा फोटो आहे."

"चव कशी लागते?"

"चव कसली? मला सगळ्याला पत्र्याचीच चव लागते. भात पत्रा, दूध पत्रा, साखर पण पत्रा."

मग त्यांनी दूधवालीला धरलं. दूधवाली रोज सकाळी सायकलवरून यायची. जिभेला हाड नाही, पण मनाने लोण्यासारखी. तिने घरून छोट्या वाटीत विरजण आणून दिलं. "दूध उकळा, कोमट होऊ द्या, त्यात हे घाला, झाका आणि विसरून जा."

"कोमट म्हणजे किती?"

"कोमट म्हणजे कोमट."

"अहो पण किती? काहीतरी माप असेल ना?"

दूधवालीने सायकल भिंतीला लावली. असं गिऱ्हाईक तिला आयुष्यात भेटलं नव्हतं. "करंगळी बुडवा आणि दहा मोजा. दहापर्यंत बोट सुखाने राहिलं, म्हणजे कोमट. सातालाच ओढून घ्यावंसं वाटलं तर अजून गरम आहे. आणि दहानंतरही काही वाटलं नाही तर गार झालं. एवढं साधं आहे. दुधाला ताप बघायची नळी लावू नका म्हणजे झालं."

काटेवाल्यांनी दूध उकळलं. थोड्या वेळाने करंगळी बुडवली, दहा मोजले, बोट सुखात. विरजण घातलं, झाकलं. संध्याकाळी झाकण काढलं तर खाली पिवळट पाणी आणि वर चोथ्याचे गोळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दूधवाली म्हणाली, दूध कढत होतं. काटेवाले म्हणाले, शक्यच नाही, दहा मोजलेत. शब्दाला शब्द वाढला. शेवटी तिने त्यांचा हात ओढून बघितला आणि कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं कानस, तार आणि तापलेलं लोखंड हाताळून त्या बोटांची कातडी जोड्याच्या तळव्यासारखी झालेली.

"अहो, हे बोट नाही, चिमटा आहे! याला विस्तव पण कोमट लागेल. घरात दुसरं बोट नाही का कुणाचं?"

होतं. काटेवाल्यांनी पातेलं फडक्यात धरून आक्काच्या पलंगापाशी नेलं. आक्काने आधी नाक मुरडलं, मग शालीतून हात बाहेर काढला आणि काडीसारखी करंगळी दुधात बुडवली.

"एक, दोन, तीन... आई गं! हे कोमट? भाजला असतास मला."

ते वाट बघत बसले. वाट बघता बघता आक्का बोलायला लागली. लहानपणी याने दौतीतली शाई प्यायली होती ते सांगितलं. शेजाऱ्यांच्या शेळीला घाबरून हा कपाटात लपला होता आणि अख्खी आळी शोधत होती, ते सांगितलं. काटेवाले म्हणाले, शेळी नव्हती, बोकड होता. आक्का म्हणाली, घाबरलास ना, मग झालं तर. मधेमधे करंगळी बुडवायची आणि मोजायची. तिसऱ्या खेपेला ती दहाच्या पुढे गेली, "अकरा, बारा, घाल आता."

तरीही दही लागलं नाही. दिवसभर ठेवलं तरी दूध आपलं ताकासारखं पातळ, गुठळ्या तरंगणारं. काटेवाल्यांना कळेना. बोट बरोबर, दूध बरोबर, विरजण बरोबर.

चोरी आक्कानेच पकडली. पलंगावरून तिला पुढची खोली दिसायची. तिने पाहिलं, तासातासाला धाकटा ओट्यावरून पातेलं उचलतो, पुढच्या खोलीत नेतो, काट्यावर ठेवतो, वाकून बघतो, मान हलवतो आणि परत आणून ठेवतो.

"काय चाललंय रे?"

"वजन बघतोय."

"कशाचं?"

"दुधाचं. दही घट्ट असतं, दूध पातळ. म्हणजे दही होताना जड व्हायला हवं की नको? किती झालंय ते कळलं तर कधी काढायचं ते कळेल." मग जरा गोंधळून म्हणाले, "पण सकाळपासून वजन तेवढंच आहे. एका केसानेसुद्धा हललं नाही."

आक्काला हसताना कापलेल्या जागी दुखायचं. ती पोट धरून हसली. "अरे वेड्या, निजलेल्या मुलाला तासातासाला उठवून विचारतोस, झोप लागली का? लागेल कशी? पडू दे त्याला निवांत."

"मग झालं की नाही ते कळणार कसं?"

"नाही कळणार. वाट बघायची."

चाळीस वर्षं ज्याने काट्यावाचून कशावर विश्वास ठेवला नाही, त्याला हे जड गेलं. पण ऐकलं. पातेलं गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली आक्काच्या उशाखाली. त्याआधी मात्र एकच आगळीक केली. या खेपेला नक्की लागावं म्हणून चमचाभर विरजणाऐवजी चार चमचे घातले.

दुसऱ्या दिवशी दही लागलं. सुरी घातली तर चीर तशीच राहील असं. काटेवाल्यांनी वाटीत काढलं, दोन्ही हातांनी धरून नेलं. आक्काने चमचा तोंडात घातला. तिचा डावा डोळा मिटला, खांदे वर गेले, अंगावर काटा आला.

"आंबट!" ती ओरडली. "अरे, चिंच कालवलीस की काय यात? आंबटढाण आहे!"

"टाकून देतो. उद्या परत लावू."

"हात लावू नकोस!" तिने वाटी छातीशी धरली. डोळ्यांत पाणी होतं, ते आंबटाचं की कशाचं कोण जाणे. "आंबट लागलं रे मला. पत्रा नाही. आंबट. आण अजून."

त्या दिवसापासून घरात दह्याचं राज्य आलं. काटेवाले एका वेळी तीन तीन वाट्या लावायचे. एकीत एक चमचा विरजण, एकीत दोन, एकीत अर्धा. एक खिडकीपाशी, एक कपाटात, एक गोधडीत. कुठली कोणती ते वाटीला सुतळीच्या गाठी मारून ओळखायचे. आक्का पलंगावर बसून निवाडा द्यायची. ही गोड पण ढिली, माझ्या नणंदेसारखी. ही घट्ट पण तोंड वाकडं करायला लावते, माझ्या सासूसारखी. आणि ही बघ, ही चांगली, अगदी माझ्यासारखी. मग दह्याबरोबर मऊ भात आला, भाताबरोबर उकडलेला बटाटा. दूधवाली मुद्दाम थांबून विचारायची, "आज कोण जन्माला आलं? नणंद की सासू?" आक्का आतून ओरडून उत्तर द्यायची, आणि तो आवाज रोज थोडा पुढे ऐकू यायचा. आधी फाटकापर्यंत, मग रस्त्यापर्यंत.

फक्त एक गोष्ट हलत नव्हती, कोपऱ्यातला काटा. दर रविवारी आक्का त्यावर उभी राहायची. पहिल्या रविवारी अडतीसच. दुसऱ्याला अडतीस आणि थोडं. तिसऱ्यालाही तेवढंच. महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा काटा कसाबसा एकोणचाळीसला टेकला. भाच्याचा फोन आला, काटेवाल्यांनी आकडा आहे तसा सांगितला. पलीकडून भाचा म्हणाला, "परवा सकाळी येतो मामा. आईचे कपडे तेवढे बांधून ठेवा."

तो दिवस उजाडला. पिशवी बांधून दाराशी ठेवलेली. काटेवाले पहाटेच उठून पुढच्या खोलीत गेले होते. काय करत होते ते त्यांनाच ठाऊक. ते दूध घ्यायला फाटकाशी गेले तेवढ्यात आक्काही पुढच्या खोलीत जाऊन आली. तिने तिथे काय केलं ते तिलाच ठाऊक. नाश्त्याला दोघं समोरासमोर बसली आणि एकमेकांकडे न बघता खाल्लं.

भाचा आला. पाया पडला, पाणी प्यायला, हातातलं घड्याळ बघितलं. "चल आई, उभी राहा."

आक्काने त्या दिवशी लोकरीचा लांब स्वेटर घातला होता. ती सावकाश काट्यावर चढली. तबकडीवर फडकं टाकलेलं होतं, ते काटेवाल्यांनी ती चढल्यावर काढलं. काटा फिरला, कापला, थांबला.

एकेचाळीस.

भाच्याचं तोंड आनंदाने उघडलं आणि तसंच राहिलं. काटेवाले चष्म्यातून बघत राहिले. आक्काही वाकून बघायला लागली. तिघांपैकी एकालाही तो आकडा पटत नव्हता.

"परवा फोनवर एकोणचाळीस म्हणालात," भाचा हळू म्हणाला. "दोन दिवसांत दोन किलो? मामा, काटा खरा आहे ना?"

ज्या खोलीत लोक दुसऱ्यांच्या काट्यांबद्दल हे विचारायला यायचे, त्या खोलीत, त्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. काटेवाल्यांनी भाच्याकडे बघितलं, तबकडीकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "खोटा आहे. पहाटे मी स्क्रू फिरवला. एक किलोने."

"अगं बाई!" आक्का काट्यावरूनच म्हणाली. "तू पण?"

तिने स्वेटरच्या आत हात घातला आणि एक किलोचं लोखंडी वजन काढून भावाच्या हातात ठेवलं. ते तिच्या अंगाच्या उबेने गरम झालं होतं.

आक्का खाली उतरली. काटेवाल्यांनी वजन बाजूला ठेवलं, स्क्रू उलटा फिरवला, काटा शून्यावर आणला. "आता उभी राहा."

"एकोणचाळीस," त्यांनी वाचलं. "आणि वर एक केस."

भाचा स्टुलावर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "बाबांच्या वेळी सगळे मला म्हणायचे, बरं आहे, बरं आहे. म्हणून मी या वेळी आकडा मागितला मामा. म्हटलं माणसं खोटं बोलतील, तुमचा काटा नाही बोलणार."

काटेवाल्यांची मान खाली गेली. "चुकलो. तिला घेऊन जा. लबाडी करून मी तिला ठेवून घेणार नाही."

"वा! घेऊन जा, ठेवून घे, मी काय गोणी आहे?" आक्का कंबरेवर हात ठेवून उभी होती. "मला कुणी काही विचारणार आहे की नाही? ते वजन कुठे होतं, विचारा."

"पेटीत," काटेवाले म्हणाले.

"आणि पेटी?"

"फळीवर."

भाच्याने मान वर करून फळीकडे बघितलं. मग खालच्या स्टुलाकडे. मग आईकडे. तो ताडकन उठला. "तू स्टुलावर चढलीस? एकटी? पडली असतीस तर!"

"पडले का? चढले, पेटी पुढे ओढली, वजन काढलं, उतरले. तू मला इथे सोडलीस तेव्हा पाण्याचा पेला दोन हातांनी धरत होते, तरी सांडत होता. लबाडी करायलासुद्धा अंगात बळ लागतं बाळा. ते कुठून आलं, एवढं बघ. मग नेतोस तर ने."

भाच्याने आईचं मनगट हातात घेतलं, अंगठा आणि बोट जुळवून बघितलं. एका महिन्यापूर्वी त्या मनगटाभोवती बोटांना जागा उरत होती. आता ती नीट जुळत नव्हती.

"अजून एक महिना," तो शेवटी म्हणाला. "पण पुढच्या वेळी मी माझा काटा घेऊन येणार. तुमच्या दोघांवर माझा भरवसा नाही."

"आण की," काटेवाले नाक पुसत म्हणाले. "पण घेण्याआधी मला दाखव. बाजारात हल्ली खोटे काटे फार निघालेत."

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. आक्का हसायला लागली, आणि हसताना आता तिला पोट धरावं लागलं नाही. भाच्याने दाराशी ठेवलेली तिची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.